तिसऱ्या खेपेची पिंपळी

अमरावती,
४ डिसेंबर २०२४

किसन,

पानपिंपळीची दुसरी खेप काल मिळाली. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलंस, त्यामुळे बरीचशी एसटीच्या पार्सलातच सांडली. पुढच्या वेळी शिवून पाठव. चिठ्ठीवर तारीख आहे, वाफ्याचा नंबर नाही. तोही हवा. गीतांजली प्रयोगाच्या वहीत काय लिहील, ‘मॅडमच्या भावाच्या मळ्यातली’ असं?

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मी ओरडले की शेजारची माणसं गॅलरीत येतात. या वयात घसा बसवून घ्यायची माझी तयारी नाही. म्हणून लिहिते. तूही लिही.

तू विचारलंस, पिंपळीनं जंतू मरतात का. नाही मरत. दिवाळीत हेच सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस, म्हणजे ऐकू आलं नव्हतं. आता नीट वाच. जंतू थोडे असतात तेव्हा गप्प असतात. संख्या पुरेशी झाली की ते एकमेकांना रासायनिक निरोप देतात, आणि मग सगळे मिळून विष सोडतात, जखमेत चिकट थर धरतात. अँटिबायोटिक त्यांना ठार मारतं. पण त्यातून जे चिवट निघतात तेच उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच. बीटी कापसानंतर बोंडअळीचं काय झालं ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. काही वनस्पतींतल्या रसायनांमुळे जंतूंचा निरोपच पोचत नाही. जंतू जगतो, पण उपद्रव करत नाही. त्याला जगायला अडचण नाही, त्यामुळे चिवट व्हायची घाईही नाही. निदान तशी आशा आहे.

चाचणीसाठी आम्ही एक जांभळा जंतू वाढवतो. निरोप मिळाला तरच तो जांभळा होतो. काचेच्या ताटलीत त्याचा थर, मधोमध पिंपळीच्या अर्काची कागदी टिकली. टिकलीभोवतीचा रंग गेला आणि दुधट साय राहिली, तर काम झालं. जंतू आहे, निरोप नाही. तुझ्या पहिल्या खेपेनं करंगळीच्या नखाएवढी साय दिली. फार नाही, पण आहे.

म्हणून पुन्हा बजावते. आमच्यासाठी राखलेल्या दोन वाफ्यांवर कसलाही फवारा नको. सावलीत वाळवायची. गीतांजलीच्या पीएच.डी.ची तीन वर्षं यावर उभी आहेत. कागदोपत्री तिचे मार्गदर्शक दुसरे आहेत, काम माझ्या डोक्यावर आहे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता जिना चढून प्रयोगशाळेत पोचले की आधी पाच मिनिटं बसावं लागतं.

पार्वताच्या पायाचं काय झालं? चिठ्ठीत एक अक्षर नाही.

सुभद्राताई

* * *

मळा, अकोट
१५ डिसेंबर

सुभद्राताईले किसनचा नमस्कार.

तुहं पत्र भेटलं. जंतू मरत नाई तं मंग एवढा खटाटोप काहून, असं मले पयले वाटलं. मंग बोंडअळीचं वाचलं अन् समजलं. आमी पाच-पाच फवारे मारले तरी ते हासून राहिली होती. तुहं म्हणणं असं, का अळी राहू द्याची, फक्त तिचं तोंड बांधाचं. चालते.

वाफे राखून हावो. धर्मेंद्रले सांगून ठेवलं, का आत्याच्या वाफ्यात पंप घेऊन शिरला तं घरात शिरू नको.

धर्मेंद्रच्या मायच्या पायाचं इचारलं. तुले माहीत हाय, मळ्यात आपल्याकडं कोणी चप्पल घालून शिरत नाई. दिवाळीच्या आधी वेलाच्या आधाराची शेवरी छाटली होती, तिचा खुंट हिच्या तळव्यात गेला. साखरेच्या बिमारीनं पाय बधिर, हिले पत्ताच नाई. घरी आली, लादीवर रक्ताचे ठसे पाह्यले अन् म्हणते, कोणाले लागलं व बाप्पा? आमी सगळ्यायनं आपापले पाय पाह्यले. हिचाच निघाला. तवा हासलो आमी.

हळद-तेल लावून राहिलो. वरून सुकते, आतून ओल येते. ताई, तो अर्क एक बाटलीभर पाठव. माह्याच मळ्याची पिंपळी हाय. जंतूचं तोंड बांधते तं हिच्या पायातल्यायचं बी बांधीन.

किसन

* * *

अमरावती,
१९ डिसेंबर

किसन,

बाटली मिळणार नाही.

ताटलीतला जांभळा जंतू म्हणजे पार्वताचा पाय नव्हे. नखाएवढी साय दिसली म्हणजे औषध झालं असं नसतं. अजून आम्ही उंदरावरसुद्धा काही केलेलं नाही. असं औषध झालंच, तर ते माझ्या हयातीत होईल असं मला वाटत नाही.

मधुमेहाचा पाय, बधिर तळवा, दोन महिने ओली जखम, आणि तुम्ही हळद-तेल लावताय! तुझं पत्र वाचून मी ताट बाजूला सारलं. हे पत्र पोचेल त्याच आठवड्यात तिला अकोल्याला ने. तोडणी आटोपल्यावर नाही. साखर तपासा, पायाचा फोटो काढा, जखमेतला पू तपासायला द्या.

आणि चपलेचं. मळ्याचं सोवळं मला शिकवू नकोस. महिन्यातले चार दिवस आई मला बांधावर बसवून ठेवायची आणि तुम्ही आत पानं खुडायचात. त्या बांधावर मी अभ्यास केला, एवढाच त्याचा उपयोग. पार्वताला कापडी बूट आणून दे. वेल रुसला तर त्याला माझ्याकडे पाठव.

सुभद्राताई

* * *

मळा, अकोट
९ जानेवारी २०२५

सुभद्राताई,

चोवीस तारखेले अकोल्याले गेलो. डॉक्टर तरुण हाय, पण चांगला वाटला. गोळ्या देल्या, साखरेची सुई चालू केली. काही लावलं का इचारलं, तं हळद-तेल सांगतलं. त्यानं तोंड वाकडं केलं. पू घेतला. आता परत बोलावलं हाय.

इकडं नव्या सालाच्या दुसऱ्याच दिवशी पाणी आलं. आडवं आलं, सपरीत वाळत घातलेली पिंपळी सगळी भिजली. बाजूच्या मळ्यातल्या मोतीरामची काळी पडली, बुरशी धरली, त्यानं उकिरड्यावर टाकली. तुह्या दोन वाफ्याची मी वाचवली. कशी वाचवली ते नको इचारू. एक दाणा काळा नाई. पिशवी शिवली, वाफ्याचा नंबर टाकला. आता काढ म्हणाव तुह्या गीतांजलीले खोट.

बूट आणले. हिनं ते पेटीत ठेवले. म्हणते, लग्नाकार्यात घालीन.

किसन

* * *

अमरावती,
२४ जानेवारी

किसन,

तिसऱ्या खेपेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पिंपळी उत्तम आहे.

परवा गीतांजली जिन्यावरून धावत आली. ताटली माझ्यासमोर ठेवली. टिकलीभोवती जुन्या रुपयाएवढं वर्तुळ. रंग नाहीच. सायही नाही. ताटलीखाली धरलेलं बोट वरून दिसावं इतकं स्वच्छ. “मॅडम, तुलनेसाठी ठेवलेल्या अँटिबायोटिकच्या टिकलीलासुद्धा एवढं येत नाही,” ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. मी तिला तोंड धुऊन यायला सांगितलं. खरं म्हणजे मलाही बसावं लागलं, आणि या वेळी जिन्यामुळे नाही.

जंतू राहायला हवा असं मी तुला लिहिलं होतं. इथे तो राहिलेला नाही. पिकलेल्या पिंपळीत काही जास्तीचं असू शकतं. वाफ्यांवर तू काही मारलं नसशीलच, मी तुला बजावलं होतं. तिला पुन्हा करून पाहायला सांगितलं, तिनं केलं, तेच आलं. १० फेब्रुवारीला विभागात तिचा सेमिनार आहे, बाहेरून परीक्षक येणार आहेत. ती या ताटलीचे फोटो दाखवणार.

पार्वताच्या जखमेचा रिपोर्ट आला का?

सुभद्राताई

* * *

मळा, अकोट
२ फेब्रुवारी

ताई,

रिपोर्ट आला. काहीच नाई उगवलं म्हणते. दोनदा पू तपासला, दोनदाबी काही नाई. अन् इकडं पट्टी सोडली का घरात बसवत नाई असा वास. अंगठ्याजवळचं बोट काळं पडलं, त्याच्या बाजूचं निळं. डॉक्टर म्हणते, जंतू तं दिसत नाई, खाली रक्तच पोचत नसीन. चौदा तारखेपर्यंत पाहू म्हणते, नाई तं घोट्याच्या वरून कापावं लागीन.

घोट्याच्या वरून, ताई.

धर्मेंद्रची माय रडत नाई, काही नाई. काल मले म्हणते, आता चप्पल एकच लागीन, दुसरी शेजारच्या सुंदराबाईले देजा, तिची हरवली हाय. मी उठून बाहेर गेलो.

तुह्या काचेवर ते मरून राहिले अन् माह्या घरात मरून नाई राहिले. एक बाटली दे. मी आजवर तुले काही मागतलं नाई.

किसन

* * *

अमरावती,
५ फेब्रुवारी

पार्वता,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, किसनला दाखवू नकोस. सकाळच्या अकोट गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. धर्मेंद्र स्टँडवरून आणेल, पाकीट बंद आहे. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोनचा स्पीकर लावलेला असतो, आणि मला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर तू सगळ्यांसमोर देणार नाहीस.

चौतीस वर्षं मी जंतूंच्या ताटल्या पाहिल्या. ज्या जखमेला सडका वास येतो तिच्यातून दोनदा काहीच उगवत नाही, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका एकच येते. नमुना घेण्याआधी कोणीतरी तिच्यावर औषध घातलेलं असतं. वरचे जंतू मरतात, तपासणीच्या कापसाला काही लागत नाही. खोलवरचे तसेच राहतात आणि आतून खात जातात. डॉक्टरला वाटतं, जखम स्वच्छ आहे, दोष रक्ताचा आहे.

माझ्याकडे तिसऱ्या खेपेच्या पिंपळीनंही असंच नको इतकं स्वच्छ वर्तुळ दिलं आहे. मळा एक, घर एक, आणि दोन्हीकडे जंतू गायब. किसनला मी वाफ्यांबद्दल लिहिलं होतं. त्याच्या शेवटच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही.

पिंपळीला काय लावलं? तुझ्या पायाला काय लावलं? रागावणार नाही असं खोटं लिहीत नाही, रागावेन. पण तुझा पाय घोट्यावरून जायचा की राहायचा, हे त्या उत्तरावर असू शकतं. उद्याच्याच गाडीनं पाठव.

सुभद्राबाई

* * *

अकोट
६ फेब्रुवारी

बाईले पार्वताचा नमस्कार.

माझं अक्षर वाईट हाय, सातवीपासून लिवलं नाई. समजून घेजा.

पानावर करपा आला का आमी कृषी केंद्रातून पांढऱ्या पावडरीच्या पुड्या आणतो. दवाखान्यातल्या औषधाच्याच जातीची हाय म्हणते दुकानवाला, झाडासाठी. पाणी आलं त्या दिवशी यायनं सहा पुड्या टाकीत घोळल्या अन् तुमची पिंपळी त्याच्यात बुडवून काढली. मंग पंख्याखाली वाळवली. मी म्हटलं, बाईनं नाई म्हटलं होतं. तं म्हणे, ताईनं फवाऱ्याले नाई म्हटलं, मी फवारा कुठं मारला? काळा माल पाठवला तं तिचं कॉलेजात हासं होईन.

पायाले बी तेच. दिवाळी झाली तवापासून. करपा दोन दिवसांत सुकते तं पाय काहून नाई सुकणार, असं यायले वाटलं. मले बी वाटलं. वरून सुकाचा बी. रोज पट्टी बदलताना चिमटीभर टाकतो. अकोल्याले जाच्या दिवशी मूठभर टाकली, डॉक्टरले जखम चांगली दिसावी म्हणून. दोन्ही वेळा.

पुडीचं डॉक्टरले सांगतलं नाई.

हे मनानं वाईट नाई, बाई. माझी पट्टी यायनं एक दिवस दुसऱ्याले करू देली नाई. वास येते तं सून दार लोटून घेते. हे तिथंच बसून जेवते.

पार्वता

* * *

अमरावती,
७ फेब्रुवारी

किसन,

पार्वतानं मला सगळं लिहिलं आहे. मीच तिला विचारलं, तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. हे पत्र संध्याकाळच्या अकोट गाडीनं पाठवते आहे.

धर्मेंद्रकडून नंबर घेऊन मी दुपारी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, “मॅडम, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर.” मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. चौदा तारखेची वाट पाहायची नाही. आजपासून पायाला पावडरीचा कणही लावायचा नाही. पट्टी करताना फक्त त्यांनी दिलेल्या सलाइनच्या पाण्यानं धुवायचं. परवा, नऊ तारखेला, तिला भरती करतील, आतला तुकडा काढून तपासतील आणि मग कोणतं इंजेक्शन लागू पडतं ते ठरवतील. रक्तवाहिन्याही नीट पाहतील. घोट्यावरून कापायचं की नाही, ते त्यानंतर. मी थेट दवाखान्यात येते.

गीतांजलीला मी सांगितलं. तिनं ताटलीचे फोटो सेमिनारमधून काढून टाकले. मी म्हटलं, पहिल्या दोन खेपांची फिकट साय दाखव. ती म्हणाली, “त्यात दाखवण्यासारखं काय आहे, मॅडम?” मी म्हटलं, जेवढं आहे तेवढं. तिच्या सेमिनारला मी नसेन.

तू मला फसवलंस असं मी म्हणत नाही. काळा माल बहिणीच्या दारी पाठवायला तू लाजलास. पण काळी आली असती तर मी ती फेकून दिली असती, तुला चार शब्द सुनावले असते, आणि तेवढ्यावर भागलं असतं.

सुभद्राताई

* * *

अकोला, दवाखाना
२० फेब्रुवारी

ताई,

तू गेल्यावर परवा हिले आयसीयूतून बाहेर आणलं. दोन बोटं गेली अन् खालचा थोडा तळवा, ते तं तू पाह्यलंच. घोटा वाचला, टाच वाचली. तुकड्यातून दोन जातीचे जंतू उगवले म्हणते. इंजेक्शन लागू पडून राहिलं, ताप उतरला. रक्त पोचते खाली. आठ-दहा दिवसांत घरी सोडतीन, म्हणते. अजून नक्की नाई म्हणते, पण हासून म्हणते.

तू पाच दिवस त्या बाकड्यावर बसली. मले चहा आणून देला, डबा आणून देला, एक शब्द बोलली नाई. मले वाटलं यंत्र बिघडलं. काढून पाह्यलं, साफ केलं, परत घातलं. बाकी सगळ्यायचं ऐकू येत होतं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

मी रोज पट्टी करत होतो ताई. एवढ्या मायेनं कोणी केली नसती अशी करत होतो. आता डॉक्टरची नर्स करते तं मी तोंड फिरवून घेतो. हिनं एकदा पाह्यलं ते.

तुह्या पोरीचं सेमिनार कसं झालं? तिले सांग का पुढच्या मोसमात दोन नाई, चार वाफे ठेवतो. भिजली तं भिजली.

किसन

* * *

अमरावती,
४ मार्च

पार्वता,

तुला घरी सोडलं असं धर्मेंद्रनं कळवलं, म्हणून आता लिहिते. दवाखान्यात मी पाच दिवस होते आणि जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. किसनला वाटलं, मी त्याच्यावर रागावून गप्प आहे. तसं नव्हतं.

२२ जानेवारीला गीतांजलीनं ती ताटली माझ्यापुढे ठेवली, तेव्हा पाहताक्षणीच मला कळलं होतं. आमचा अर्क जंतूला मारत नाही. मारलं, तर ते दुसरं काहीतरी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही मी हे कळल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नसतं. त्याच दिवशी किसनला सरळ विचारायला हवं होतं, पिंपळीला काय लावलंस? मी लिहिलं, काही मारलं नसशीलच. हा प्रश्न नव्हे. मला उत्तर नको होतं.

का नको होतं तेही लिहिते. निवृत्तीनंतर मी रोज त्या प्रयोगशाळेत जाते आणि एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते. नवी माणसं नमस्कार करून पुढे जातात. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ताटली घेऊन माझ्याकडे धावत आलं होतं. सेमिनारच्या दहा तारखेपर्यंत मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

२२ जानेवारी ते ५ फेब्रुवारी, चौदा दिवस. त्या दिवशी विचारलं असतं तर पिंपळीबरोबर पायाचंही बाहेर आलं असतं. ऑपरेशनच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, चौदा दिवस आधी कळलं असतं तर बोटं राहिली असती का? ते म्हणाले, एक कदाचित राहिलं असतं, नक्की सांगता येत नाही. मी त्यांना आणखी विचारलं नाही.

किसन स्वतःला दोष देतो आहे, ते मला दिसतं. त्यातलं एक बोट माझ्या वाट्याचं आहे. मी माफी मागते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

गीतांजलीचा सेमिनार बरा झाला. परीक्षक म्हणाले, परिणाम छोटा आहे पण नीट मोजलेला आहे. तिला आणखी एक वर्ष लागेल. ती आता माझ्याकडे धावत येत नाही, चालत येते, आणि आधी पिशवीवरची चिठ्ठी वाचून दाखवते.

सुभद्राबाई

* * *

अकोट
९ मार्च

बाईले नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. यायले दाखवलं नाई, दाखवणार बी नाई. माफी बिफी असं ह्या घरात मले कोणी लिवलं नाई आजवर, म्हणून दोनदा वाचलं. एकदा तुमच्यासाठी अन् एकदा माझ्यासाठी.

आता माझं ऐका. तुमी चवदा दिवस गप्प राहिल्या, हे तीन महिने गप्प राहिले. दोघंबी भाऊ-बहीण असे मान खाली घालून बसता, जसा काही पाय तुमचाच होता. यायनं तं जेवण कमी केलं. एक पोळी खाते अन् उठते. मी पायावर उशी ठेवून बसून राहते अन् यायचं तोंड पाहून राहते. सांगा, बिमार कोण हाय घरात?

अकोल्याले पयल्या दिवशी गेलो तवा यायच्या कानातलं शिट्टी मारून राहिलं होतं. हे खिडकीजवळ जाऊन ते ठीक करून राहिले होते. डॉक्टरनं इचारलं ते यायले ऐकूच आलं नाई. त्यानं मले इचारलं. म्हणे, मावशी, घरी काही लावलं का? मीच म्हटलं, हळद-तेल. अजून काही? मी म्हटलं, नाई. यायले मंग मी सांगतलं का मी असं म्हटलं, तं हे म्हणे, बरं केलं.

काहून म्हटलं? तो डॉक्टर आपल्या धर्मेंद्रच्या वयाचा. टेबलावर पेन नीट ओळीनं ठेवलेले. मले वाटलं, हा म्हणीन, कशी अडाणी बाई हाय, झाडाचं औषध पायाले लावते. अन् मी बाहेर सगळ्यायले सांगत फिरते, माझी नणंद कॉलेजात शिकवत होती. दुसऱ्या वेळी त्यानं परत इचारलं. पट्टी सोडता सोडता इचारलं, हळूच, कोणाले ऐकू जाऊ नये असं. तवा सांगता आलं असतं. तवा बी मी हळदच म्हटलं.

पयल्यांदा इचारलं ती चोवीस डिसेंबर होती. तुमची काचेची ताटली तं जानेवारीत आली.

म्हणून त्या बोटाचं तुमी एकट्यानं घेऊ नोका. पाय माझा, अन् त्यानं इचारलं तवा तोंड बी माझंच होतं.

येत्या शनिवारी पट्टी हाय अकोल्याले, अकरा वाजता. हे गाडीत बसतीन, वर येणार नाई म्हणते. तुमी या. मले त्या डॉक्टर पोराले सांगाचं हाय, का खोटं मीच बोलली होती, यायनं नाई. त्याच्यापुढं दुसरी कोणी मावशी येऊन बसीन तवा त्यानं हळदीवर भरोसा नाई ठेवाले पायजे.

तुमी नुसत्या बाजूच्या खुर्चीवर बसजा. मधे बोलू नोका.

पार्वता